आजीजवळ वाढणारा नातू

प्रश्न : मुलगा आणि सून नोकरीसाठी मुंबईत असून नऊ वर्षांचा नातू गुहागरला आमच्याजवळ शिकतो. गणपती आटोपून आईवडील परत गेले की तो चार दिवस धड बोलत नाही. त्याच्या मनाची वाढ खुंटेल का?

उत्तर : आजी, तेवढ्यामुळे ती खुंटणार नाही. हवाईमधील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके अभ्यास केला. त्यांपैकी गरिबी, घरातील कलह, पालकांचे मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांतलीही सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली, आणि त्यांना लहानपणी जीव लावणारे निदान एक माणूस, कित्येकदा आजी किंवा आजोबा, लाभलेले होते. तुमच्या नातवाची परिस्थिती तर इतकी बिकटही नाही. त्याचे गप्प होणे हे विरहाचे दुःख आहे. ‘आता मोठा झालास’ असे म्हणून ते दाबू नये, ‘आईची आठवण येते ना?’ असे विचारून त्याला बोलू द्यावे. आईवडिलांनी मात्र ठरल्या वेळी फोन करावा, आणि येण्याचा दिवस पक्का असेल तरच तो सांगावा. अबोला आठवडेच्या आठवडे टिकला किंवा झोप, जेवण, अभ्यास बिघडू लागला, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.