धातुशोधक हाती घेण्यापूर्वी

मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतील वस्तू शोधण्याच्या छंदाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ दर रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरतात. दोनदा मी त्यांच्याबरोबर गेलो आणि नांगरटीत मला पितळेचे एक जुने बटण सापडले, तेव्हापासून मलाही या छंदाची ओढ लागली आहे. सुरुवात कशी करावी, यंत्र कसे निवडावे आणि सापडलेली वस्तू ठेवून घेता येते का?

उत्तर : यंत्राच्या आधी शेत मिळवावे. यंत्र दुकानात केव्हाही मिळते, परंतु शेतमालकाचा विश्वास मिळायला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये शेतातून सार्वजनिक पायवाट जात असली तरी तिच्यामुळे केवळ चालण्याचा हक्क मिळतो, खणण्याचा नव्हे. म्हणून मालकाची परवानगी लेखी घ्यावी, जमीन दुसरा कोणी खंडाने कसत असेल तर त्यालाही विचारावे, आणि सापडलेल्या वस्तूंत कोणाचा किती वाटा हे त्याच कागदावर नोंदवून ठेवावे. १९७९ च्या कायद्यानुसार संरक्षित प्राचीन स्थळावर शासनाच्या लेखी संमतीशिवाय यंत्र नुसते वापरणे हाही गुन्हा आहे. तेव्हा आपले शेत अशा स्थळाच्या हद्दीत येत नाही, याची आधी खात्री करावी. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग या संघटनेचे सदस्यत्व घेतल्यास तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईचा विमाही मिळतो आणि विमा पाहिला की शेतकरी परवानगी द्यायला सहसा कमी कचरतो.

आता यंत्राविषयी. यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, बदलता विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात आवर्त, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे, प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्रातील दुसरी कॉइल टिपते. दोन्ही क्षेत्रांच्या लयीत पडलेल्या फरकावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. लोखंडाला खालचा आकडा मिळतो, तर चांदी आणि तांब्याच्या जाड नाण्याला वरचा. खरी अडचण मधल्या आकड्यांत आहे, कारण सोन्याची बारीक अंगठी, चॉकलेटवरचा ॲल्युमिनियमचा कागद आणि शीतपेयाच्या डब्याची ओढपट्टी यांचे आकडे जवळजवळ एकच येतात. कचरा नको म्हणून ज्याने मधल्या आकड्यांवरचा आवाज बंद केला, त्याने सोनेही बंद केले असे समजावे. पहिले वर्षभर तरी सगळे आवाज खणून पाहावेत. कान तयार होण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दोन-तीनशे पौंडांचे साधे यंत्र, हेडफोन, खड्ड्यातील वस्तू नेमकी कुठे आहे हे दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर, मजबूत फावडे आणि कचऱ्यासाठी वेगळी पिशवी एवढे साहित्य पुरते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी अशा यंत्राची पोच साधारण वितीभर असते, त्यामुळे खोलीच्या जाहिराती वाचून पैसे वाढवू नयेत.

यंत्र फिरवण्याची पद्धत मात्र पहिल्याच दिवशी नीट शिकावी. कॉइल जमिनीपासून दोन बोटे वर ठेवून अंगण झाडावे तशी डावी-उजवीकडे सावकाश न्यावी आणि प्रत्येक फेरीत मागच्या फेरीची निम्मी जागा पुन्हा झाकावी. नवशिक्याचा हात फेरीच्या दोन्ही टोकांना नकळत वर उचलला जातो, आणि कॉइल जितकी उचलली तितकी खालची जमीन निसटते. आवाज आला की अंगाने काटकोनात वळून त्याच जागेवरून पुन्हा फिरवावे. दोन्ही दिशांनी आवाज एकसारखा आला तर बहुधा वस्तू आहे, एकाच दिशेने तुटक आला तर बहुधा गंजका खिळा. कुरण असेल तर गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर पेटीच्या झाकणासारखा उलटावा, म्हणजे मुळे तुटत नाहीत. वस्तू निघाल्यावर रिकाम्या खड्ड्यावरून यंत्र पुन्हा फिरवावे, माती आत लोटावी, चौकोन बसवून पायाने दाबावा. पुढल्या आठवड्यात आपण कुठे खणले हे शेतमालकाला दिसता कामा नये.

सापडलेले नाणे घरी आणून चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह आपल्या घरांत वाढलेल्या कोणालाही होईल. तो कटाक्षाने टाळावा. तांब्यावर शतकानुशतके चढलेल्या हिरव्या थरातच अनेकदा अक्षरे टिकलेली असतात आणि थर गेला की तीही जातात.

आता मालकीचा प्रश्न. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू असलेल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार तीनशे वर्षांहून जुनी, वजनाने किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, तसेच एकाच ठेव्यातील तितकीच जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी ‘ट्रेझर’ ठरतात. २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, अपवादात्मक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही या व्याख्येत आल्या आहेत. अशी वस्तू चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणे बंधनकारक आहे. एखाद्या संग्रहालयाने ती घेतली तर ठरलेली किंमत सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. एकटे नाणे, बटण किंवा बकल यांना हा कायदा सहसा लागू होत नाही. तरीही १९९७ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या जुन्या वस्तूंच्या नोंदणी योजनेच्या जिल्ह्यातील अधिकाऱ्याला ती दाखवून, नेमक्या जागेसह नोंदवावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालील या नोंदवहीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग आपल्यासारख्या हौशी माणसांनी आणून दिलेला आहे. आपले पितळी बटणही तिथे दाखवून यावे. एक सावधगिरी : स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, आणि उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरातन वस्तू शोधता येत नाहीत.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याचे कारण सफकमधील हॉक्सन या गावी आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हे गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. त्यांनी थोडेसे काढले, हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी बाकीचा ठेवा जागच्या जागी नोंदी घेत काढला. चौदा हजार आठशेंहून अधिक रोमन नाणी मिळाली. हात वेळीच थांबला म्हणून हे सारे ओकच्या एका पेटीत, आतल्या लहान डब्यांत वेगवेगळे लावून ठेवलेले होते, एवढेही मातीतील खुणांवरून सांगता आले. तो हातोडाही पुढे सापडला आणि आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. याच्या उलट, २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये सापडलेला व्हायकिंग काळातील ठेवा दोघांनी लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, परंतु सुमारे तीनशे नाण्यांपैकी तोवर तीसेकच परत मिळाली होती. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ यांना शेजारी-शेजारी दाखवणारी अत्यंत दुर्मीळ नाणी त्यांत होती. उरलेली नाणी काय सांगत होती, हे आता कोण सांगणार?

प्रश्न : सिन्नर तालुक्यातील माझ्या शेतालगत पांढरीचे टेकाड आहे. पाऊस झाला की त्यावर खापरे, मणी आणि कधी तांब्याचे नाणे उघडे पडते. मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन मिळतो. माझ्याच जमिनीत मी शोध घेतला तर काही अडचण आहे का?

उत्तर : आहे, आणि ती केवळ कायद्याची नाही. आपल्याकडे पिकाच्या जमिनीला काळी आणि जुन्या वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात. घरांच्या पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि माणसांचा वावर यांनी ती माती पांढरट झालेली असते. आपले टेकाड म्हणजे एकावर एक बसलेले वस्तीचे थर आहेत. त्यात यंत्र लावून एकेक आवाज खणणे म्हणजे पोथीच्या पानांतून फक्त सोनेरी अक्षरे कात्रीने कापून घेणे होय.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी शक राजा क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली याचा इतका बोलका पुरावा मिळाला तो ही नाणी एकत्र राहिली म्हणून. सोनाराच्या मुशीत गेली असती तर केवळ चांदी उरली असती. दुसरे उदाहरण प्रवरेकाठच्या दायमाबादचे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाच्या मुळाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी ब्राँझची चार शिल्पे मिळाली. ती आज देशाचे वैभव आहेत, परंतु ती उत्खननात, थराच्या नोंदीसह निघालेली नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद राहिला. यात छबू भिलांचा काहीच दोष नव्हता. मात्र यंत्र घेऊन आपण जाणूनबुजून तेच करणार असाल, तर तो आपला दोष ठरेल.

कायदा थोडक्यात असा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. दडवल्यास हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. जमीन स्वतःची असली तरी यातून सुटका नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि ते परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही. संरक्षित स्मारक किंवा किल्ला असेल तर तिथे खणण्याचा विचारही मनात आणू नये. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील असीरगडाजवळ मोहरांच्या आशेने लोकांनी रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेते उकरली, ते पाहून मला फार वाईट वाटले. गुप्तधनाच्या वेडाने आपल्याकडे माणसांचे बळी गेले आहेत. त्या वेडाला यंत्राची जोड मिळू नये.

आपण करू शकाल असे काम मात्र मोठे आहे. पाऊस उघडल्यावर टेकाडावरून फिरा, जे उघडे पडले आहे त्याचे जागेवरच छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, मोबाइलवरील अक्षांश-रेखांश आणि तारीख वहीत लिहा. मग ही वही राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे न्या. घरात आधीची नाणी असतील तर ती न घासता, कुठे मिळाली हे लिहिलेल्या चिठ्ठीसह वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा आणि तीही दाखवा. टेकाडाची माती कोणी ट्रॉल्या भरून नेत असेल तर तेही कळवा. पांढरीचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते.

प्रश्न : दापोलीजवळच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी मी साधे यंत्र घेतले. कोरड्या वाळूत ते ठीक चालते, पण ओल्या वाळूत सतत ओरडते. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : बिघडलेले नाही. खारे पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे ओली वाळूच यंत्राला धातूसारखी भासते. त्यात आपल्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजेही असतात. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राची संवेदनशीलता कमी करावी, जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असल्यास ती ओल्या वाळूवरच करावी आणि भरतीच्या रेषेच्या वरच शोधावे. ओल्या वाळूतच काम करायचे असेल तर एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे किंवा पल्स इंडक्शन प्रकारचे, म्हणजे सलग प्रवाहाऐवजी विजेचे छोटे झटके सोडणारे, यंत्र लागेल. लोहयुक्त खनिजांची हीच अडचण जांभ्याच्या सड्यावरही येईल.

शोध सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात सांगून ठेवावे. अंगठी किंवा मंगळसूत्र सापडल्यास ते आपले होत नाही. सांभाळून ठेवून मालकाचा शोध घेण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर येते, म्हणून ते पोलीस ठाण्यात नोंदवावे. एक गोष्ट विशेष काळजीची आहे. आंजर्ले, केळशी, वेळास या भागांत हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि पिल्ले उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत राहतात. त्या महिन्यांत भरतीरेषेच्या वरच्या वाळूत फावडे घालण्याआधी गावातील कासवमित्रांना किंवा वनरक्षकांना विचारावे, आणि वाळूवर ओढत गेल्यासारखा रुंद माग दिसला तर तिथून यंत्र उचलून त्यांना लगेच कळवावे.