कॅराव्हॅन ओढायला घेतलेली जुनी गाडी

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि आई-वडील. सगळ्यांना घेऊन फिरता यावं म्हणून अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ६ लाख ४० हजारांत गाडीमागे जोडायची कॅराव्हॅन बनवून घेतली. ती ओढायला पाच महिन्यांपूर्वी इथल्याच एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून ८ लाख ७५ हजारांना सात सीटर डिझेल गाडी घेतली. आधी त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "मागे अकराशे किलोची कॅराव्हॅन लावायची आहे, जमेल ना?" तो म्हणाला, "बिनधास्त लावा, साहेब." पहिल्याच सहलीत, अलिबागहून परतताना, कसारा घाटात क्लच जळाला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मॅन्युअल उघडून दाखवलं, या मॉडेलने ट्रेलर ओढू नये असं त्यात छापलेलं आहे. त्याच दिवशी महामार्गावर पोलिसांनी विचारलं, कॅराव्हॅनचा नंबर कुठे? फॅब्रिकेटर म्हणतो, ट्रॉलीला पासिंग लागत नाही. गाडी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे, विमाही त्यांचाच. विक्रेता हात वर करतो. पैसे परत मिळतील का? ही काढून दुसरी जुनी गाडी घ्यावी तर काय बघून? मेहुणा म्हणतो, सिंहस्थात कॅराव्हॅन भाड्याने दिली तर खर्च निघून जाईल. देऊ का? सध्या ती मखमलाबादच्या मळ्यात उभी आहे. दिवाळीत सापुताऱ्याला जायचं ठरलंय.

उत्तर : तुमच्या पत्रातल्या कसारा घाटाच्या ओळीवर मी थांबलो. पुढे दुसऱ्याच्या नावावरची गाडी, मागे नंबर नसलेली आणि विमा नसलेली हजार-अकराशे किलोची पेटी, आणि आत तुमचं सगळं घर. चढावर क्लच जळाला म्हणून फक्त पैसे गेले. जाताना उतारावर काही झालं असतं, तर आज तुम्ही मला पैसे परत मिळतील का हे विचारत नसता. म्हणून सर्वांत आधी एवढं करा : कागद पुरे होईपर्यंत कॅराव्हॅन गाडीला जोडू नका. अगदी गंगापूर धरणापर्यंतसुद्धा नाही.

आता गाडीचं नाव. विक्रेत्याला पैसे दिले, चावी घेतली, एवढ्याने मोटार वाहन कायद्याच्या लेखी तुम्ही मालक झालेला नाही. १९८८ च्या या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३० भरून. पाच महिने म्हणजे बराच उशीर झाला, पण दार बंद झालेलं नाही. दंड भरून गाडी नावावर होते. विक्रेता फॉर्म अडकवून बसला असेल तर त्याच्यामागे धावण्याआधी जुन्या मालकांना गाठा. ते मदत करतील, कारण अडचण त्यांचीही आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडी कितीही हात बदलून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्याचीच. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. सह्या करायला ते स्वतःहून पेठ रोडच्या आरटीओत येतील.

जुन्या मालकांना आणखी एक गोष्ट विचारा. त्यांनी गाडी विक्रेत्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी भरला होता का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला परिवहन विभागाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्याकडे आली की तशी ऑनलाइन नोंद करावी लागते. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत जबाबदारी त्या विक्रेत्याची. तुमच्या विक्रेत्याकडे हे अधिकारपत्रच नसेल तर ते तुमच्या तक्रारीत पहिल्या पानावर यायला हवं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही याच वेळी पाहून घ्या. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल नको.

विम्याबाबत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा विक्रीबरोबर आपोआप तुमच्याकडे आला असं मानलं जातं. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र तसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं होतं, ते राहिलं. आता गाडी नावावर होताच पॉलिसी बदलून घ्या.

आता कॅराव्हॅन. तुमचा फॅब्रिकेटर म्हणतो तसं इथे बऱ्याच जणांना वाटतं, आणि त्यामागचं कारण मला कळतं. लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॉल्या बिननंबराच्या दिसतात, म्हणून ट्रॉलीला पासिंग नसतंच अशी समजूत झाली आहे. कायदा उलट सांगतो. कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलर धरलेला आहे, इंजिन नसलं तरी. कलम ३९ ची नोंदणीची सक्ती त्यालाही लागू. कलम ६१ तर खास ट्रेलरसाठीच आहे : ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला हवा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही हवा, कारण गाडीची मागची पाटी झाकली जाते. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणलं तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, विमा नसल्याचा कलम १९६ खाली वेगळा.

नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ प्रमाणे ट्रेलरच्या आराखड्याच्या मंजुरीची प्रत लागते, सोबत विक्री प्रमाणपत्र आणि रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र. ही कागदपत्रं फॅब्रिकेटरने द्यायची असतात, तुम्ही पैदा करायची नसतात. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्था आपल्यापासून लांब नाहीत, पुण्यात एआरएआय आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. फॅब्रिकेटरला लेखी विचारा : आराखडा मंजूर आहे का, कधी झाला, प्रत द्या. मला भीती वाटते की उत्तर नाही असं येईल. मग त्याला हेही कळवा की नियमात न बसणारं वाहन विकणाऱ्याला कलम १८२-अ खाली एका वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅराव्हॅन परत घेऊन पैसे देणं त्याला त्यापेक्षा स्वस्त पडेल. तो नोंदणी करून देतो म्हणाला तर लेखी मुदत घ्या, तोंडी नको.

नंबर मिळाल्यावरही तुमच्या कारच्या पॉलिसीत कॅराव्हॅन आपसूक येत नाही. खासगी कारसाठी 'आयएमटी ३०' नावाची पुरवणी असते, जादा हप्ता भरून ती जोडायची. तिच्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही तुमच्या घराशी संबंधित आहेत. ट्रेलरमधल्या सामानाचा विमा त्यात नसतो. आणि प्रवासात ट्रेलरमध्ये बसलेल्या माणसाला इजा झाली तर, नोकरीच्या करारामुळे बसलेला सोडून, ती भरपाई त्यात येत नाही. आई-वडिलांना कॅराव्हॅनच्या पलंगावर आडवं व्हायला बरं वाटेल हे समजतं. पण गाडी चालू असताना आत कोणीही बसायचं नाही.

लायसन्सची तुम्हाला काळजी नको. हलक्या मोटार वाहनाचं वैध लायसन्स असेल तर केवळ ट्रेलर जोडल्याने ते निकामी होत नाही. नागशेट्टी प्रकरणात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर-ट्रेलरबाबत हेच म्हटलं.

आता पैशांचं. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा चांगली आहे, आणि ती त्या एका व्हॉट्सॲप संदेशामुळे. माल विक्री कायदा, १९३०, कलम १६(१) : घेणाऱ्याने वस्तू कशासाठी हवी हे विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून घेतली आणि विक्रेत्याचा तोच धंदा असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे ही अट व्यवहारात धरलेली असते. तुम्ही वजन सांगितलं, काम सांगितलं, त्याने होकार दिला.

विक्रेत्याचा वकील लगेच म्हणेल, याच कलमाला अपवाद आहे : ठरावीक कंपनीचं, ठरावीक नावाचं मॉडेल मागून घेतलं तर ही अट लागू नाही. त्याला उत्तर आहे. इंग्लंडमधल्या १९२५ च्या बाल्ड्री विरुद्ध मार्शल या खटल्यात एकाने प्रवासाला आरामशीर गाडी मागितली, विक्रेत्याने बुगाटी सुचवली, ती तशी निघाली नाही. न्यायालय म्हणालं, नाव घेऊन विकली म्हणून सुटका नाही, घेणारा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबला होता. आपलं कलम त्याच इंग्रजी कायद्यावरून आलेलं असल्याने हा निकाल कामाला येतो. म्हणून आधीचे संदेश तपासा. "कॅराव्हॅनसाठी कोणती घेऊ?" असं तुम्ही विचारलं असेल तर उत्तम. "मला अमुकच मॉडेल हवं" असं लिहिलं असेल तर मला आत्ताच सांगा, नोटिशीची भाषा बदलावी लागेल.

दुसरी अडचण गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने दिलेल्या डिलिव्हरी नोटची. तिच्यावर 'जशी आहे तशी' असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर माल विक्री कायद्याच्या कलम ६२ चा आधार घेऊन विक्रेता म्हणेल की योग्यतेची अट तुम्हीच सोडून दिली. तरीही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालाबद्दल खोटी ग्वाही देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि छापील ओळीने ती ग्वाही पुसली जात नाही असं आपल्याला ठामपणे मांडता येईल. पाच महिने गाडी वापरल्यामुळे पूर्ण रक्कम परत मिळणं मात्र अवघड आहे. क्लचचा खर्च आणि किमतीतला फरक, एवढं मिळेल असं धरून चला. खोटी आशा दाखवणं माझ्याकडून होणार नाही.

दुरुस्ती घाईने करू नका. सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या : क्लच कशाने जळाला, मॅन्युअलचं कोणतं पान काय सांगतं. जुनी क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट गॅरेजमध्ये सोडू नका, पिशवीत घालून घरी ठेवा. मोबाइल बदलू नका, तो संदेश उडू देऊ नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते आपण करू. मग स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांची. उत्तर नाही आलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. विक्रेता आणि फॅब्रिकेटर यांच्याविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी करा, एकीत दोन्ही गुंफू नका.

दुसरी जुनी गाडी घ्याल तेव्हा वजनापासून सुरुवात करा. तुम्ही पाठवलेल्या नोंदीत सध्याच्या गाडीचं रिकामं वजन १,७८५ किलो आणि भरल्यावरचं कमाल वजन २,४५० किलो आहे. म्हणजे माणसं-सामान धरून ६६५ किलोंची मोकळीक. तुम्ही सहा जण, साधारण ३८० किलो. राहिले २८५. कॅराव्हॅनच्या नाकाचा भार, म्हणजे हिचवर (गाडीला कॅराव्हॅन जोडायच्या आकड्यावर) खाली दाबणारं वजन, साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के धरतात. फॅब्रिकेटर ११०० किलो सांगतो, पण तुम्ही आत शंभर लिटर पाणी, सिलिंडर, भांडी-अंथरुणं भरलीत की ती १३०० ला जाणार. म्हणजे १३० किलो गाडीच्या मागच्या टोकावर. उरले १५५, त्यात हिचचं स्वतःचं वजन आणि डिकीतल्या बॅगा. गणित कागदावर जेमतेम बसलं, तरी निर्मात्याने ओढू नका म्हटल्यावर ते गणित निरर्थक ठरतं. शिवाय आरसीतल्या वजनापेक्षा जास्त भार नेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ आणि १९४ खाली गुन्हा आहे, दंड २०,००० पासून सुरू. भरलेली कॅराव्हॅन एकदा वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. हो, ट्रकवर चढवून न्या.

ओढण्यासाठी शिडीसारख्या स्वतंत्र चासीवरची गाडी बरी : स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर या त्या जातीच्या. पण चासी आहे म्हणून परवानगी आहे असं समजू नका. त्या वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते सौदा होण्यापूर्वी वाचा. काहीच लिहिलं नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, त्यात तडजोड नको. हिच चासीला बोल्टने बसवा, वेल्डिंग करू नका. कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. साध्या हिचने तो बदलत नाही असं माझं मत आहे, तरी आरटीओला अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या आणि गाडीत ठेवा.

आणि करारनाम्यात हे वाक्य घाला : "सुमारे १,३०० किलो वजनाचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर ओढण्यासाठी गाडी हवी असल्याचे खरेदीदाराने विक्रेत्यास सांगितले असून, विक्रेत्याने गाडी त्या कामास योग्य असल्याची खात्री दिली आहे व त्या खात्रीवर विसंबून खरेदीदार ही गाडी घेत आहे." यावर सही करायला जो विक्रेता का-कू करेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.

मेहुण्यांना नाही म्हणा. खासगी नोंदणीची गाडी भाड्यासाठी वापरली की परमिट नसल्याबद्दल कलम १९२-अ लागतं, १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. भाड्याचा वापर तुमच्या विम्यातही वगळलेला आहे, म्हणजे अपघात झाला तर भरपाई तुमच्या घरातून जाणार. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. व्यवसायच करायचा असेल तर पर्यटन विभागाकडे रीतसर नोंदणी करून, त्यासाठी वेगळं वाहन घेऊन करता येईल. सिंहस्थाची गर्दी पाहून घरची गाडी त्यात ढकलू नका.

दिवाळीत सापुताऱ्याला जायचं ठरलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तोवर गाडी नावावर झाली, विमा बदलला आणि क्लच नवा बसला तर जरूर जा. कॅराव्हॅन मखमलाबादच्या मळ्यात उभी राहू दे, चाकांना ओंडके लावून.