नोटीस कुणाला, मत कुणाला

बेळगावच्या एका कीटक अभ्यासक मंडळाच्या कार्यवाहांचं पत्र आलं आहे. मंडळाची नोंदणी 1971ची, पटावर 48 सभासद. 12 जुलैला टिळकवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सभा घेऊन त्यांनी पाच नवे विश्वस्त निवडले. आठ दिवसांनी दुसऱ्या गटाने हॉटेलात वेगळी सभा घेतली, आपले पाच निवडले आणि यादी लगेच जिल्हा रजिस्ट्रारकडे नेऊन दिली. कार्यवाहांची यादी सप्टेंबरात गेली. कार्यवाहांचा प्रश्न असा, की दुसऱ्या गटाची यादी आधी गेली म्हणून खरे विश्वस्त तेच ठरतात का?

सर, उत्तर आधीच सांगतो. बहुतेक ते नाहीत आणि तुम्हीही नाही.

यंदाचं हे असलं चौथं पत्र. एक वाचनालयाचं होतं, एक व्यायामशाळेचं, एक भजनी मंडळाचं. सगळ्यांना यादीची चिंता. यादी म्हणजे सातबाऱ्यावरचा फेरफार नव्हे, आणि फेरफारानेसुद्धा मालकी ठरत नाही. वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी द्यायची हे कर्नाटकाच्या 1960च्या सोसायटी नोंदणी कायद्याचं कलम 13. तुम्ही ते चुकवलंत. दंड भरून उशिराची यादी घेतात, तो भाग तिथेच संपतो. दोन याद्या आल्या की रजिस्ट्रार दोन्ही ठेवून घेतो. कुठली निवड खरी हे ठरवणं दिवाणी कोर्टाचं काम. आधी पोचलेल्या यादीला त्यासाठी जास्तीचे गुण मिळत नाहीत.

तरी उशीर का झाला, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून मी कपाळाला हात लावला. कोल्हापूरच्या स्नेह्याने सांगितलं की विश्वस्त बदलल्याचं कळवणाऱ्या बदल अर्जाला 90 दिवस असतात. असतात की! महाराष्ट्रात. तिथे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 22 आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, बदल अर्ज आहे. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हा तो 1950चा कायदा इथेही चालायचा, म्हणून जुन्या मंडळींच्या तोंडी अजून 'चॅरिटी कमिशनर' असतो. तुमची सोसायटी मात्र 1960च्या कायद्याखाली नोंदलेली. प्रमाणपत्रावर 'म्हैसूर' छापलंय म्हणून बुचकळ्यात पडू नका. राज्याचं नाव 1973ला बदललं, कायदा तोच राहिला. मोबाइलवर मराठीत जो कायद्याचा सल्ला मिळतो तो बहुतेक पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी असतो. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे तो वापरायचा नाही.

आता मुद्द्याचं.

तुम्ही पाठवलेल्या पोटनियमांतला सहावा नियम पुन्हा वाचा. 'ज्याची वर्गणी त्या वेळी तीन महिन्यांहून अधिक थकलेली असेल त्यास मताधिकार नाही व तो सभासद म्हणून गणला जाणार नाही.' हे वाक्य तुमच्या संस्थापकांनी रचलेलं नाही. 1860च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 15 मधून ते आलंय, आणि कर्नाटकाच्या कायद्यात 'सभासद' शब्दाच्या व्याख्येतच ते बसवलंय. म्हणजे पोटनियम बाजूला ठेवले तरी यातून सुटका नाही.

तुमची वर्गणी वर्षाला शंभर रुपये, 1 एप्रिलला देय. आणि तुम्हीच मोकळेपणाने लिहिलंय की 2020च्या टाळेबंदीपासून पावती फाडलेली नाही, कारण 'शंभर रुपयांसाठी कुणाच्या दारात जायचं' असं खजिनदारांना वाटलं. सर, सह्याद्रीतल्या चतुरांच्या नोंदी तुम्ही तारीख, वार, पाऊस-ऊन टिपून ठेवता. शंभर रुपयांची नोंद जड झाली? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे 37 वार्षिक सभासदांपैकी 12 जुलैला एकालाही मत नव्हतं. तुम्हालाही नाही. अध्यक्षांनाही नाही.

मग मत होतं कुणाला? तहहयात सभासदांना. त्यांनी एकदाच रक्कम भरली, त्यांची थकबाकी असूच शकत नाही. पटावर असे 11. तिघे वारले. तिघे बेळगावात, पैकी दोघे तुमच्या सभेला आले आणि एक त्यांच्या. राहिले पाच. दोघे पुण्याला, एक पणजीला आणि दोघे धारवाडला, त्यातले एक कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. या पाचांना नोटीस पाठवली का, या प्रश्नावर तुमचं पत्र म्हणतं : 'ते येत नाहीत म्हणून पाठवली नाही.'

म्हणजे ज्यांना मत होतं त्यांना नोटीस नाही, आणि ज्यांना नोटीस दिली त्यांना मत नाही. तुमच्या सभेला 22 माणसं होती, त्यात मतदार दोन. या एका गोष्टीपुढे कोरम, अध्यक्षस्थानी कोण होतं, हात वर करून की चिठ्ठीने, हे तुमचे सहा प्रश्न मी उघडतसुद्धा नाही.

समोरच्या गटाने मात्र हे ओळखलं. त्यांनी आपल्या 13 वार्षिक सभासदांच्या पावत्या जोडल्यात, तारीख 20 जून. यावर तुम्ही तीन पानं संताप लिहिलाय, त्याऐवजी चार गोष्टी तपासायला हव्या होत्या. पावती पुस्तक कुणी छापलं, कधी छापलं, त्याचे अनुक्रमांक जुन्या पुस्तकाला जुळतात का, आणि ते पैसे किर्दीत व बँकेच्या पासबुकात कुठल्या तारखेला दिसतात. रोख घेतले आणि बँकेत भरलेच नाहीत, तर त्या पावत्या उलटतपासणीत टिकणं कठीण. पावत्या खऱ्या निघाल्या तरी त्यांनीही बाहेरगावच्या पाचांना नोटीस दिलेली नाही. तुम्ही दोन्ही गट याच बाबतीत एकमताचे आहात.

आता त्या नियमातले दोनच शब्द धरा, 'त्या वेळी'. थकबाकी मोजायची ती मतदानाच्या वेळी. त्याआधी ज्याने मागची सगळी बाकी भरली तो त्या वेळी थकबाकीदार नाही. तुमच्या पोटनियमांत आणखी एक वाक्य आहे, सलग दोन वर्षं वर्गणी न दिल्यास 'कार्यकारी मंडळ सभासदत्व रद्द करू शकेल'. शकेल, होईल नव्हे. कार्यकारी मंडळाने तसा ठराव कधी केला नाही, प्रोसिडिंग बुकात तो दिसत नाही, म्हणून माझ्या मते 37 जणांचं सभासदत्व आजही शाबूत आहे, फक्त मत झोपलेलं आहे. ते जागं करायला प्रत्येकी सहा-सातशे रुपये लागतील.

तेव्हा 12 जुलैची निवड सोडा आणि नवी सभा लावा. ज्याने त्याने आपली बाकी आपल्याच खात्यातून, चेकने किंवा यूपीआयने, मंडळाच्या बँक खात्यात भरायची. एकाने दहाजणांचे पैसे भरले की पुन्हा नवा वाद. समोरच्या गटातल्या लोकांची वर्गणी घेणार नाही असं तुम्ही बाणेदारपणे लिहिलंय. घ्या! नाकारलीत तर न्यायाधीशांसमोर तुमच्याकडे सांगायला काहीच उरणार नाही, आणि त्यांच्या वकिलाला पहिल्याच तारखेला मनाई हुकूम मागायला आयतं कारण मिळेल. मग मतदारांची यादी करून दाराला लावा. पोटनियमांप्रमाणे पूर्ण 21 दिवसांची नोटीस पटावरच्या प्रत्येक हयात सभासदाला स्पीड पोस्टाने पाठवा, धारवाड-पुणे-पणजीच्या पाचांना सगळ्यांत आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर हवं तर आणखी टाका, पण 1971च्या पोटनियमांना व्हॉट्सअ‍ॅप माहीत नाही. नोटिशीत एक ओळ घाला, 'आधीच्या सभांबाबत सर्वांचे हक्क व आक्षेप अबाधित ठेवून'. त्या ओळीमुळे दुसऱ्या गटालाही तोंड न लपवता येता येईल.

ही सभा बोलवायची कुणी, इथे मात्र मी सावध आहे. जुन्या मंडळाची मुदत 2024ला संपली. नवी निवड होईपर्यंत जुन्यांनी काम पाहावं असं बऱ्याच पोटनियमांत असतं, तुमच्यात ते सतराव्या नियमात असावं असं अनुक्रमणिकेवरून वाटतं, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंत नेमकं तेच पान नाही. ते असेल तर जुनं मंडळ सभा बोलावेल. नसेल तर तहहयात सभासदांच्या सहीच्या मागणीपत्रावर सभा बोलावणं अधिक सुरक्षित.

रजिस्ट्रारकडे कलम 25 खाली चौकशी मागावी का, असं विचारलंय. एकतृतीयांश सभासदांनी अर्ज दिला तर चौकशी करावीच लागते, हे खरं. पण एकतृतीयांश कुणाचे? थकबाकीदार 'सभासद म्हणून गणला जाणार नाही' हे शब्द इथेही आडवे येतात. अर्ज देणारेच मोजणीत बाद झाले तर हसं होईल. शिवाय चौकशीच्या वाटेने प्रशासक येऊ शकतो. सरकारी प्रशासक तुमच्या कीटकसंग्रहाच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या वेळेवर बदलेल असं मला वाटत नाही.

आणि दावा? खरी निवड कुणाची हे कोर्टाकडून जाहीर करून घ्यायच्या, म्हणजे घोषणेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही. पण तुमच्या विश्वस्तांची मुदतही तीनच वर्षांची. दावा निकाली निघेपर्यंत ज्यांच्यासाठी भांडलात त्यांची मुदत संपून पुढची निवडणूक येईल. 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे बघत इथली एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा कोर्टाच्या वेगाबद्दल बेळगावकराला मी काय सांगावं? समोरचे मात्र मनाईसाठी जातील हे धरून चाला. नोटीस टपालात टाकायच्या आदल्या दिवशी कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होणार नाही. ते 90 दिवस चालतं, तेवढ्यात सभा उरका. प्रोसिडिंग बुक मराठीत आहे, त्याचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा. ऐन तारखेला भाषांतरकार शोधत फिरलेले पक्षकार मी पाहिलेत.

'विश्वस्त' की 'कार्यकारी मंडळ', मिळकत कुणाच्या नावे, हा मोठा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय. तुमच्या नियमावलीत दोन्ही एकच म्हटलेत असं दिसतं, म्हणून तूर्त त्यात शिरत नाही. स्वतंत्र विश्वस्तपत्र निघालं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 92 वगैरे बघावं लागेल.

संग्रहाचं मात्र आज करा. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आणि खोलीची तुमच्याकडे, अशा अवस्थेत पावसाळा गेला म्हणता. वाळलेल्या कीटकांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात हे मी तुम्हाला शिकवायला नको. कपाट कुठल्या गटाचं हे त्या बघत नाहीत. दोन्ही गटांचे दोन-दोन लोक, एक तिऱ्हाईत आणि मोबाइलचा कॅमेरा, एवढ्यावर पेटीनिहाय पंचनामा करा, गोळ्या बदला, पुन्हा सही-शिक्क्याने बंद करा. ते तयार नसतील तर लेखी मागणी करा. पुढे कोर्टाकडून पाहणीसाठी कमिशनर मागायला त्या नकाराचा उपयोग होतो. यादी करताना खानापूरच्या जंगलातले नमुने वेगळे काढा. तिथलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, त्यानंतर तिथून परवानगीशिवाय काही उचललं असेल तर ती भानगड निवडणुकीपेक्षा मोठी. त्याबद्दल पत्रात एक अक्षरही लिहू नका, समक्ष या.

येताना पावती पुस्तकं सगळी आणा, जुनी, कोरी, फाटकी. आणि सतराव्या नियमाच्या पानाचा फोटो आजच पाठवा. सरळ धरून काढा, मागच्या वेळी निम्म्या पानावर तुमचा अंगठा होता.