1955 ची पेनी डबल छापलेली दिसतेय, किती किंमत येईल?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा तळघरात पेनींनी, म्हणजे अमेरिकेतल्या एक सेंटच्या नाण्यांनी, भरलेली बरणी सापडली, त्यात 1955 ची एक आहे जिचा शेवटचा 5 डबल दिसतो आणि 1943 ची एक पांढरी आहे. मी बरीच वर्षं बँकेतून पन्नास-पन्नासचे रोल आणून पेनी चाळतोय म्हणून सांगतो.

नुसता 5 डबल असेल तर ती प्रसिद्ध पेनी नाही. खऱ्या डबल डायमध्ये, म्हणजे ठसाच डबल झालेल्या पेनीत, सालाचे सगळे आकडे, वरचं इन गॉड वी ट्रस्ट आणि लिंकनच्या पाठीमागचं लिबर्टी, सगळंच दोन-दोन दिसतं, भिंगसुद्धा लागत नाही. झालं काय होतं, ठसा बनवताना तो दोनदा दाबायचे आणि दुसऱ्या वेळी जागा जराशी फिरली, मग त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच निघालं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून अशी वीस हजारांच्या वर बाहेर पडली, त्यातली बरीच तर मशीनमधल्या सिगारेटच्या पाकिटात सुट्टे म्हणून घातलेली असायची. वापरलेली असली तरी खरीला हजार डॉलरच्या वर मिळतात, म्हणून नकलाही खूप आहेत. तुमचा 5 ठसा झिजल्यामुळे तसा दिसतोय, दोन-चार डॉलर धरा.

पांढरी 1943 ची खरीच आहे पण दुर्मिळ नाही. युद्धात तांबं वाचवायचं म्हणून पोलादावर जस्त चढवून त्या एक अब्जाच्या वर पाडल्या, झिजलेलीला अर्धा डॉलरसुद्धा अवघड. खरा पैसा आहे तो त्याच सालच्या चुकून तांब्यात पडलेल्या मोजक्या पेनींना. बरणीत तांबूस 1943 दिसली तर आधी फ्रिजवरचं मॅग्नेट लावा, चिकटली की समजा पोलादावर मुलामा दिलाय. नाही चिकटली तर सोनाराच्या काट्यावर वजन बघा, 3.11 ग्रॅमच्या आसपास हवं, आणि मग 3 नीट बघा, कारण 1948 चा 8 कोरून 3 करणारे लोक आहेत, खऱ्या 3 ची शेपटी लांब खाली उतरलेली असते.

आणि प्लीज, काहीही घासू नका. मी सुरुवातीला एका 1909 च्या पेनीला तांब्याच्या भांड्यासारखं चिंच-मीठ लावलं, गुलाबी चकचकीत झाली, आणि दुकानदाराने हातात घेताच परत दिली. शंभर वर्षांचा तो तपकिरी रंग दोन मिनिटांत गेला, अजून वाईट वाटतं मला.

आता मागे गव्हाच्या लोंब्या असलेल्या, म्हणजे 1958 पर्यंतच्या, सगळ्या वेगळ्या काढा. त्यात 1909 ची निघाली तर सालाखाली एस (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) आणि मागे अगदी तळाशी बारीक व्हीडीबी (नाण्याच्या शिल्पकाराची आद्याक्षरं) आहे का बघा, दोन्ही असलेल्या फक्त 4,84,000 पाडल्या होत्या. दिसली तर कडेने धरून बाजूला ठेवा आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो इथेच टाका, मी बघतो.