‘सँक्शन’ला एकच प्रतिशब्द लावू नका

‘सँक्शनचं भाषांतर मंजुरी केलं, क्लायंटने अख्खी फाइल परत पाठवली’ ही तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी जखम ओली झाली. इंग्रजी ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, तसाच नियम मोडल्याबद्दलचा दंड किंवा निर्बंधही; शब्दकोशातला हा खालचा अर्थ तुम्ही आता पाहिलाच असेल, त्यावर वेळ घालवत नाही.

माझ्याकडे भाषांतरासाठी एका कार्यालयाची सेवानियमावली आली होती. सोबत त्यांचीच शब्दसूची, तीत सँक्शन म्हणजे मंजुरी. खर्चाच्या प्रकरणांत ते चपखल बसलं. शिस्तभंगाच्या प्रकरणात काय करायचं, हे फोन करून विचारलं, तर ‘सूचीबाहेर जायचं नाही’ एवढंच सांगून फोन ठेवला. मग मी विचार करणंच सोडलं आणि सगळीकडे मंजुरी भरली. ही चूक माझी. वाक्य छापलं गेलं: ‘कर्मचाऱ्यावर लादलेली मंजुरी सेवापुस्तकात नोंदवावी.’ मंजुरी कधी कोणी लादतं का? बिल आठ महिने अडकलं आणि सूची आपली आहे हे तिथल्या एकानेही कबूल केलं नाही. अजून संताप येतो.

हा शब्द असा दुतोंडी का, ते मी नंतर शोधलं. लॅटिन ‘सान्किरे’ म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणं. इंग्रजी ‘सेंट’ त्याच कुळातला. (आपल्या ‘संत’शी नातं नाही, तो संस्कृत ‘सत्’चा.) रोमन कायद्यात नियम मोडणाऱ्याला काय शिक्षा, हे सांगणाऱ्या भागाला ‘सांक्टिओ’ म्हणत. नियमाला बळ देणं आणि मोडणाऱ्याला दंड करणं, दोन्ही त्या एका शब्दात होतं. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्ये माणसाला वळणावर ठेवणाऱ्या चार सँक्शन सांगितल्या: भौतिक, राजकीय, नैतिक, धार्मिक. १९३५ मध्ये अबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) हल्ल्याबद्दल राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) इटलीवर घातलेल्या सँक्शन्स म्हणजे मात्र सरळ आर्थिक निर्बंध.

माझं मत असं की नामाकडे नाही, शेजारच्या क्रियापदाकडे बघा. सँक्शन ‘देतात, घेतात, मिळते’ तिथे मंजुरी. ‘लादतात, उठवतात’ तिथे शास्ती (म्हणजे दंड, शिक्षा) किंवा निर्बंध. शास्ती हा शब्द जड वाटतो म्हणून टाळू नका, पिंपरी-चिंचवडकरांना अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकरामुळे तो तोंडपाठ आहे. अनेकवचन दिसलं तर बहुतेक वेळा निर्बंध, पण डोळे मिटून नको.

उलटा खड्डाही आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १९ मध्ये लोकसेवकावरच्या खटल्यासाठी जी सँक्शन लागते, ती पूर्वमंजुरीच. विषय गुन्ह्याचा आहे म्हणून तिथे शास्ती लिहिलंत तर अर्थच उलटेल. मी वकील नाही, तेव्हा करार मोठा असेल तर जाणकाराला दाखवा.

आणि शंका फोनवर विचारू नका, ईमेलवरच विचारा. उत्तर आलं नाही तर तीच शंका फाइलमध्ये त्या वाक्याशेजारी टिप्पणी म्हणून ठेवून द्या. माझ्याकडे तेवढा एक कागद असता तर बिल अडलं नसतं.