गोकुळपेठेतलं काकूंचं आइस्क्रीम: काय खायचं आणि कधी जायचं

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी नागपूरला नवीन आलात, ऑफिसमधल्या कोणीतरी गोकुळपेठेतल्या खस, मोह, मिरची असले फ्लेवर ठेवणाऱ्या आइस्क्रीमच्या दुकानाबद्दल सांगितलं, तर तिथे खरंच जाण्यासारखं आहे की नुसती नवलाई आहे, आणि गेलं तर घ्यायचं काय. मी गोकुळपेठेतच राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून, १४ वर्षं झाली आता, आणि त्या दुकानात महिन्यातून तीन-चार वेळा तरी जाणं होतंच, मे महिन्यात तर एक दिवस आड. म्हणून जरा लांबलचक लिहून राहिले, वेळ काढून वाचा.

जा, नक्की जा. फक्त कोणता महिना चालू आहे ते बघून जा.

दुकान म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत एका जुन्या घराची पुढची खोली, दोन बाकं, एक डीप फ्रीझर आणि खडूने लिहायचा काळा फळा. बोर्डावर नुसतं 'आइस्क्रीम' एवढंच आहे, आम्ही सगळे काकूंचं दुकान म्हणतो. फळ्यावर बारा-तेरा नावं असतात आणि त्यातल्या निम्म्या नावांवर रेघ मारलेली असते. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. एकदा ऑगस्टमध्ये सीताफळ मागितलं तर काकू म्हणाल्या, "नाही न बाई, अजून चांगले सीताफळं येऊनच नाही राहिले. आले का करते." मी म्हटलं, अहो काकू, बाकी ठिकाणी तर बाराही महिने मिळतं. "हौ, मिळते तिथं," एवढंच बोलून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मग दसऱ्याच्या सुमारास बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, हातगाड्यांवर सिवनीकडची सीताफळं दिसायला लागली आणि दोन-तीन दिवसांत फळ्यावरची रेघ पुसलेली होती. खाल्लं तेव्हा कळलं. दाताखाली गराच्या त्या बारीक रवाळ कळ्या येत होत्या आणि वास एकदम ताज्या फळाचा.

नंतर ओळख वाढली तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे तो दुधासोबत उकळता येत नाही, दूध आधी आटवून, पूर्ण गार करून मग गर घालायचा, आणि तोही लगेच, नाहीतर काळा पडतो. म्हणजे बिया काढणं, गर वेगळा करणं सगळं हातानं आणि त्याच दिवशी. त्याच हिवाळ्यात एका मोठ्या पार्लरमध्ये मी सीताफळ घेतलं होतं, दिसायला सुंदर, पण इसेन्सचा वास नाकात बसला तो रात्रीपर्यंत गेला नाही. तेव्हापासून फळ्यावरच्या रेघांचा मला राग येत नाही. खोडलेली नावं असलेलं दुकान दिसलं की मी आधी तिथेच शिरते.

आता खसबद्दल, म्हणजे वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांच्या फ्लेवरबद्दल, कारण माझा सगळ्यात आवडता तोच. तुम्ही अजून नागपूरचा पूर्ण उन्हाळा पाहिला नसेल. मार्चच्या शेवटी घरोघरी कूलर बाहेर निघतात, मागच्या वर्षीची खस काढून नवीन लावतात (आता स्वस्तात वुडवूल, म्हणजे लाकडाचे तंतू, पण लावतात, पण खस ती खस), टाकीत पाणी भरून पंप चालू केला की पहिल्या पाच मिनिटांत जो ओला, मातीसारखा, थोडा लाकडासारखा वास घरभर पसरतो तो म्हणजे आमच्याकडे उन्हाळा सुरू झाला. बाहेर ४५ डिग्री असली तरी त्या वासाने निम्मा जीव थंड होतो. काकूंच्या खस आइस्क्रीममध्ये अगदी तो वास आहे. त्या इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळ्याच्या मुळ्या आणतात, चार-पाच पाण्यांनी धुतात कारण त्यात माती फार असते, मग मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट दुधात टाकतात आणि ते भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळी पुरचुंडी पिळून काढली की दुधाला वास लागलेला असतो पण रंग जवळपास तोच, जरासा पिवळसर. पहिल्यांदा कप हातात आला तेव्हा मी म्हटलं, काकू, हे तर साधं मलई दिसून राहिलं. त्या म्हणाल्या, "आधी नाकाजवळ धर."

म्हणून सांगते, कुठेही खस आइस्क्रीम गर्द हिरवं दिसलं तर तो सरबताच्या बाटलीतला रंग आहे, मुळीला असा हिरवा रंग नसतोच.

संत्र्याचं तुम्ही मागणारच, नागपूरला आलेला प्रत्येक माणूस मागतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, संत्रा बर्फी तर स्टेशनवरून सगळे नेतात, पण संत्र्याचं चांगलं आइस्क्रीम करणं किती कठीण आहे हे मला काकूंकडेच कळलं. रस आंबट, दुधात ओतला की दूध फाटणार. आणि आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांनी कडू होतो, घरी कधी करून बघा, सकाळी गोड असतो आणि दुपारी जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतो. ते लिमोनिन नावाच्या कडू घटकामुळे होतं, ते बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यात असतं, आणि रस तापवला तर आणखी लवकर कडू होतो. म्हणून काकू रस दुधात घालतच नाहीत. त्या सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग साखरेवर घासतात, सालीतलं तेल साखरेत उतरतं, साखर ओलसर नारिंगी होते, ती साखर दुधात. आणि ताजा रस दूध न घालता वेगळा फिरवून गोठवतात. कपात अर्ध हे आणि अर्ध ते देतात, चमच्यात दोन्ही एकदम घ्यायचं. साल वापरायची म्हणून संत्री काटोलकडच्या ओळखीच्या बागेतून आणतात, बाजारातल्या चकचकीत मेण लावलेल्या संत्र्याची साल त्यांना चालत नाही. संत्र्याचे वर्षात दोन बहार, आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाकीच्या महिन्यात संत्र्यावर रेघ. तुम्ही आत्ता जूनमध्ये विचारताय, तर संत्र्यासाठी दिवाळीपर्यंत थांबा.

मोहाबद्दल लोक बिचकतात, कारण मोह म्हटलं की दारूच डोक्यात येते. आइस्क्रीममध्ये दारू नाही, वाळवलेली मोहफुलं आहेत. माझे सासरे मूळचे भंडारा जिल्ह्यातले, साकोलीकडचे. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे आले असताना मी त्यांना घेऊन गेले, म्हटलं मामाजी, मोहाचं आइस्क्रीम खाऊन पाहा. एक घास खाल्ला, थोडा वेळ चावत राहिले, मग बोटांनी ओठावरून एक बारीक केसासारखं काढून कपाच्या काठावर ठेवलं आणि काकूंना विचारलं, "याच्यातले केसर नाही काढले काय बाई तुमी?" काकू काउंटरच्या बाहेर आल्या. मामाजींनी मग नीट समजावलं, की मोह वेचायला मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली जातात, फुलं रात्रीतून गळलेली असतात, ऊन चढायच्या आत वेचायची, वाळवायची, आणि खायची असतील तर आतले केसर, म्हणजे फुलातले बारीक तंतू, काढूनच, नाहीतर दातात अडकतात. मग हलकी भाजायची, त्यांच्याकडे तिळासोबत कांडून लाडू करायचे. न भाजता घातलं तर तो आंबूस वास येतो ज्याला लोक नावं ठेवतात. काकूंनी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. या वेळी फुलं भाजलेली होती, मनुक्यासारखी चिवट-गोड, वरून भाजलेले तीळ, आणि मामाजींनी दुसरा कप स्वतःहून मागितला. पैसे घ्यायला काकू तयार नव्हत्या, मामाजी ऐकायला तयार नव्हते, शेवटी काकूंच्या मुलाने एका कपाचे घेतले. आज तुम्ही जे मोहाचं खाल ते त्या दिवसानंतरचं आहे, आणि फुलं वाळलेली असल्यामुळे ते बहुतेक वर्षभर मिळतं.

मिरचीचं भिवापुरी मिरची आणि गुळाचं आहे. चांगलं आहे, एकदा खाण्यासारखं. आधी गार-गोड लागतं आणि गिळल्यावर मग घशात हळूच तिखट चढतं, दुधातलं केसिन हे प्रथिन आणि फॅट तिखटपणा बराच धरून ठेवतात म्हणून तोंड भाजत नाही. सावजीचं झणझणीत जेवण खाऊन आल्यावर मात्र घेऊ नका, तेव्हा साधी मलईच बरी. काळ्या रंगाचा एक कोळशाचा फ्लेवर मुलाने कॉलेजच्या पोरांसाठी ठेवलाय, मला त्यात काही चव सापडली नाही, काकूंनाही मी तेच सांगितलं.

नवलाई आहे की खरं आहे हे कसं ओळखायचं, तर मी काय करते ते सांगते. आधी एक चमचा चाखायला मागते, चांगला दुकानदार हसत देतो. मग कपातला शेवटचा घास मुद्दाम वितळू देते. थंडीने जिभेला गोडी कमी कळते, वितळल्यावर खरी चव उघडी पडते, तेव्हा नुसती साखर आणि वास उरला तर समजायचं. आणि कप हातात जड लागला पाहिजे. आइस्क्रीममध्ये हवा असतेच, हवेशिवाय ते दगड होईल, पण नियमाने एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरायला हवं, म्हणजे जवळपास निम्मी हवा कायद्याने चालते! साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट किमान १० टक्के लागतं, वनस्पती तेलाचं असेल तर पाकिटावर फ्रोझन डेझर्ट लिहावं लागतं, ते बघून घेत जा. नागपूरकर या बाबतीत चोखंदळ आहेत, १९३२ पासूनची दिनशॉज आइस्क्रीम कंपनी इथलीच, गिट्टीखदानची, आमच्याकडे आजोबांपासून सगळ्यांची जीभ दुधाच्या आइस्क्रीमवर तयार झालेली आहे.

पार्सल नेऊ नका. मी एकदा मेमध्ये डब्यात भरून बहिणीकडे मानेवाड्याला नेलं, पोचेपर्यंत अर्ध वितळलं, तिने फ्रीझरमध्ये टाकलं, दुसऱ्या दिवशी सगळं कचकचीत बर्फाचं झालं. वितळून परत गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात, मग काही केल्या ते पहिल्यासारखं होत नाही. बाकावर बसून खा.

आत्ता गेलात तर जांभूळ असेल, पंधरा-वीस दिवसांचंच काम आहे, पावसाने झोडपलं की चांगली जांभळं संपतात. जिभेला किंचित तुरट लागतं आणि वर चिमूटभर काळं मीठ असतं, ते काढायला सांगू नका. एक स्कूप ६० रुपये. मेट्रोने यायचं तर ॲक्वा लाइनवर शंकर नगरला उतरा आणि ऑटोवाल्याला गोकुळपेठ मार्केट सांगा. रात्री साडेनऊनंतर बाकं रिकामी मिळत नाहीत, सोमवारी बंद असतं, आणि फळ्यावर खसवर रेघ दिसली तरी काकूंना एकदा विचारून बघा, कधी कधी एखादा कप घरच्यांसाठी मागे ठेवलेला असतो.