√(क्ष + ७) − १ = क्ष : दोन्ही बाजूंचा वर्ग केल्यावर ३ आणि −२ ही चुकीची उत्तरे का येतात?

आपण प्रत्येक पदाचा स्वतंत्र वर्ग करून क्ष + ७ − १ = क्ष² असे लिहिले आहे; वास्तविक वर्ग संपूर्ण बाजूचा करायचा असतो आणि तसा केल्यास डावीकडे क्ष + ८ − २√(क्ष + ७) मिळते, म्हणजे वर्गमूळ जागच्या जागीच राहते. म्हणून आधी १ उजवीकडे न्यावा. √(क्ष + ७) = क्ष + १ याचा वर्ग केल्यावर क्ष² + क्ष − ६ = ० हे समीकरण मिळते आणि क्ष = २ किंवा −३ येते. मात्र क्ष = −३ ठेवल्यास √(क्ष + ७) = २ आणि क्ष + १ = −२ येते; २ आणि −२ यांचे वर्ग समानच असल्याने वर्ग करताना चिन्हातील फरक पुसला जातो. −३ ही किंमत मूळ समीकरणात ठेवल्यास डावी बाजू १ येते, −३ नव्हे. त्यामुळे ती सोडून द्यावी. २ ही किंमत मात्र समीकरणाचे समाधान करते. परीक्षेत हा पडताळा हमखास गाळला जातो.